उकिरड्यातला निळसर वुडलाऊस : ओळख आणि वर्गीकरण यांचा योग्य क्रम

कुंडी उचलली किंवा खताच्या ढिगातली वीट बाजूला केली, की खालून वुडलाऊस नावाचे करडे, चपटे, पुष्कळ पायांचे प्राणी सैरावैरा पळतात. त्यांचे फोटो काढून नाव विचारणाऱ्यांचे निरोप मला पावसाळाभर येत असतात आणि त्यांनी स्वतः ठरवलेले नाव बहुतेक वेळा चुकलेले असते. या चुका निष्काळजीपणामुळे होतात असे मला वाटत नाही. त्या होतात पाहण्याचा क्रम उलटा झाल्यामुळे. ओळख पटवणाऱ्या खुणांपैकी दोन फक्त जिवंत प्राण्यावरच दिसतात, आणि लोक नेमके आधी प्राण्याला स्पिरिटमध्ये (अल्कोहोलमध्ये) टाकतात व मग भिंग हातात घेतात.

हा लेख पॉर्सेलिओनायडीझ प्रुइनोसस या एका जातीभोवती लिहिला आहे. मूळची भूमध्य समुद्राच्या परिसरातली मानली जाणारी ही जाती माणसाच्या सामानाबरोबर, रोपांबरोबर आणि खताबरोबर जगभर पसरली असून भारतातही तिची नोंद आहे. तिला शेणखत, पालापाचोळ्याचे खत आणि घराभोवतालची ओल मानवते, त्यामुळे शोधायला जंगलात जावे लागत नाही. इंग्रजी मार्गदर्शक पुस्तके बहुधा ब्रिटनमध्ये नेहमी दिसणाऱ्या पाच जातींना धरून लिहिलेली असतात आणि त्या पाचांत ही जाती नाही. ते पुस्तक उघडून आपल्या अंगणातल्या प्राण्याला जवळचे नाव शोधले, की हमखास पॉर्सेलिओ स्केबर हे नाव लागते आणि ते चुकीचे असते.

पूर्वतयारी

प्राणी हाती येण्यापूर्वी पुढील वस्तू जवळ असाव्यात. शोधायला नंतर गेलात, तर तोवर प्राणी डबीत भिजून त्याची पहिली खूण, म्हणजे अंगावरची भुकटी, गेलेली असते.

- दहापट मोठे दाखवणारे भिंग. शृंगिका (डोक्यावरच्या मिशा) मोजण्यासाठी वीसपट असेल तर उत्तम. मोबाइलला लावायची मॅक्रो लेन्स चालते.
- चित्रकलेचा मऊ, बारीक ब्रश.
- सपाट तळाची पारदर्शक, झाकणाची, पूर्ण कोरडी डबी.
- करड्या रंगाचा जाड कागद आणि मिलिमीटरच्या खुणा असलेली पट्टी.
- बोटाएवढा, मऊ, ओला करून घट्ट पिळलेला स्पंजचा तुकडा.
- घट्ट बुचाच्या छोट्या काचेच्या नळ्या, ७० ते ८० टक्के अल्कोहोल, पेन्सिल आणि जाड कागदाच्या चिठ्ठ्या.

चिमटा मी मुद्दाम यादीत घेतलेला नाही. चिमट्याने पकडलेल्या प्राण्याची शृंगिका तुटते, आणि शृंगिका तुटली तर पाचव्या टप्प्याला काहीच उरत नाही.

कागद करडाच का, असे विचारले जाते. पांढऱ्या कागदावर मोबाइलचा कॅमेरा उजेड कमी करतो, प्राणी काळपट दिसतो आणि त्याच्या अंगावरची निळसर झाक फोटोत येत नाही.

टप्पा १ : शोधणे आणि उचलणे

उकिरड्याचा वरचा वाळलेला थर बाजूला करावा आणि त्याखालच्या, हाताला ओलसर लागणाऱ्या पण पाणी न सुटणाऱ्या थरात पाहावे. कुंड्यांच्या बुडाखाली, विटांच्या फटींत आणि जुन्या गोणपाटाखालीही ही जाती सापडते. सकाळी ऊन चढण्यापूर्वी प्राणी वरच्या थरात असतात. दुपारी ते खोल जातात.

प्राणी दिसताच ब्रशच्या टोकाने त्याला डबीत लोटावे. डबीत ओला कापूस किंवा पान घालण्याचा मोह होतो, कारण वुडलाऊस कोरड्या हवेत फार काळ जगत नाही हे वाचलेले असते. ते खरे आहे, परंतु पहिली दहा-पंधरा मिनिटे त्याला काही होत नाही, आणि ओल्या कापसाला घासल्याने मात्र अंगावरची भुकटी जाते. पहिले फोटो होईपर्यंत डबी कोरडी ठेवावी, नंतर ओल द्यावी.

एकाच जागेवरून किमान पाच-सहा पूर्ण वाढलेले प्राणी घ्यावेत. त्यांत नर आणि मादी दोन्ही असण्याची शक्यता वाढते, आणि एखाद्याची शृंगिका आधीच तुटलेली असली तरी अडत नाही.

इशारा : अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतून वनविभागाच्या परवानगीशिवाय कोणताही प्राणी उचलू नये. या जातीसाठी तशी गरजही पडत नाही.

टप्पा २ : हा वुडलाऊसच आहे ना, हे ठरवणे

हा टप्पा ओलांडून थेट जातीकडे जाणाऱ्यांची संख्या मोठी आहे. प्रथम पाय मोजावेत. पूर्ण वाढलेल्या वुडलाऊसला सात जोड्या पाय असतात, म्हणजे एकूण १४, आणि धडाच्या प्रत्येक खंडाला एकच जोडी असते. वरून पाहिल्यास डोक्यामागे सात रुंद पट्ट्या, त्यांच्यामागे उदराच्या पाच अरुंद पट्ट्या आणि शेवटी एक टोकदार भाग दिसतो. त्या टोकाच्या दोन्ही बाजूंनी मागे आलेले दोन छोटे अवयव म्हणजे पुच्छपाद.

ज्यांच्याशी गल्लत होते ते चार प्राणी असे.

पहिला, सह्याद्रीत पावसाळ्यात दिसणारा, अंगाची गोळी करणारा मोठा मिलिपीड. आर्थ्रोस्फेरा या प्रजातीतले हे प्राणी सुपारीएवढी टणक गोळी करतात आणि लोक त्यांना 'मोठा वुडलाऊस' म्हणून पाठवतात. ते वाणी म्हणजे पैसा किड्याचे भाऊबंद आहेत. त्यांच्या बहुतेक खंडांना पायांच्या दोन-दोन जोड्या असतात आणि पायांच्या एकूण जोड्या विसाच्या पुढे जातात. गोळी उलगडण्याची वाट पाहून पाय मोजले, की शंका राहत नाही.

दुसरा, झुरळाचे बिनपंखी पिल्लू. त्याला सहाच पाय असतात. तिसरी, पुस्तकांतली कसर. तिलाही सहा पाय आणि मागे तीन लांब शेपट्या असतात. चौथा मात्र खरोखर जवळचा नातेवाईक आहे : कोकणच्या किनाऱ्यावर खडकांवरून आणि धक्क्यांच्या भिंतींवरून झपाट्याने पळणारा लिजिया. त्याचे डोळे मोठे, पुच्छपाद लांब आणि शृंगिकेचे टोक अनेक बारीक मण्यांचे असते. समुद्राच्या ओलीपासून दूर, घरामागच्या खतात तो भेटत नाही.

तपासणी : पायांच्या सहाच जोड्या मोजल्या गेल्या आणि बाकी सर्व वुडलाऊससारखे दिसले, तर हातात नुकतेच जन्मलेले पिल्लू आहे. सातवी जोडी पुढे कात टाकल्यावर येते. असे पिल्लू आणि एकंदर चार-पाच मिलिमीटरपेक्षा लहान प्राणी ओळखण्याच्या भरीस पडू नये; ते परत खतात सोडावेत.

टप्पा ३ : अंगावरची भुकटी, जिवंतपणी आणि कोरडी

द्राक्षाच्या ताज्या मण्यावर जशी पांढरट भुकटी असते आणि बोट लावताच पुसली जाऊन खालचा गडद रंग उघडा पडतो, अगदी तशीच भुकटी या जातीच्या पाठीवर असते. मूळ अंग तपकिरी ते जांभळट तपकिरी. त्यावर या थरामुळे निळसर करडी झाक येते. जातीचे नाव याच खुणेवरून पडले आहे. लॅटिनमध्ये 'प्रुइना' म्हणजे गोठलेले दव.

डबीसकट प्राणी करड्या कागदावर ठेवावा, झाकण काढावे आणि सावलीतल्या दिवसाच्या उजेडात वरून फोटो घ्यावेत. फ्लॅश वापरू नये. त्याच्या चकाकीत भुकटी आणि गुळगुळीत पृष्ठभाग एकसारखेच दिसतात. शेजारी पट्टी ठेवून किमान एक फोटो घ्यावा. पूर्ण वाढलेला प्राणी साधारण १२ मिलिमीटरपर्यंत असतो. मापे डोळ्यांच्या अंदाजाने लिहू नयेत, कारण पळणारा प्राणी नेहमी मोठा वाटतो.

फोटो झाल्यावर एका प्राण्याच्या पाठीवरून ओल्या ब्रशचे टोक एकदाच हलके फिरवावे. भुकटी असेल तर त्या रेषेत गडद, किंचित चमकदार पट्टा उमटतो. हा पट्टा मी भिंगाखाली प्रथम पाहिला तेव्हा एकाच प्राण्याच्या अंगावर दोन वेगळे प्राणी शेजारी असल्यासारखे वाटले होते : डावीकडे राखी आणि मखमली, उजवीकडे जांभळट आणि तुकतुकीत. स्पिरिटमध्ये गेलेला प्राणी सगळाच उजव्या बाजूसारखा दिसतो, हे तेव्हा लक्षात आले. ब्रश फिरवण्यापूर्वीचा आणि नंतरचा असे दोन्ही फोटो ठेवावेत.

रंगाबाबत तीन गोष्टी नीट समजून घ्याव्यात, कारण 'नवी जाती सापडली' असे निरोप बहुधा यांतूनच येतात.

एक, वुडलाऊस कात एकदम टाकत नाही. आधी मागचा अर्धा भाग मोकळा होतो आणि काही काळाने पुढचा. त्यामुळे पुढून गडद व मागून फिकट असा दुरंगी प्राणी हा कात टाकण्याच्या मध्यावर असलेला प्राणी असतो.

दोन, काही वुडलाऊसमध्ये इरिडोव्हायरस नावाच्या विषाणूच्या संसर्गाने अंग झगझगीत निळे किंवा जांभळे होते. हा रंग पुसला जात नाही, कारण तो त्वचेखालच्या पेशींतून येतो. ब्रशने जाणारी निळसर झाक आणि न जाणारा निळा रंग यांतला हा फरक आहे. असा प्राणी आजारी असतो. त्यावरून जाती ठरवू नये.

तीन, नुकती कात टाकलेल्या प्राण्यावर भुकटी फार कमी असते. केवळ भुकटी नाही म्हणून ही जाती बाद करू नये. त्याच ढिगातले दुसरे प्राणी पाहावेत.

टप्पा ४ : धडाच्या कडेची रेषा

वरून काढलेला फोटो मोठा करून धडाच्या एका बाजूची कड डोक्यापासून शेपटीपर्यंत नजरेने उतरत जावे. सातव्या पट्टीनंतर उदर सुरू होते. तेथे कड एकदम आत सरकून पायरी पडते का, की ती अखंड वळत शेवटपर्यंत जाते, हा या टप्प्याचा एकमेव प्रश्न आहे.

आपल्या जातीत उदर धडापेक्षा एकदम अरुंद असते आणि पायरी स्पष्ट दिसते. पॉर्सेलिओ स्केबर, पॉर्सेलिओ लीव्हिस आणि ओनिस्कस असेलस या तिन्हींत कड अखंड असते. त्यामुळे इंग्रजी पुस्तकावरून लागणारे चुकीचे नाव याच ठिकाणी गळून पडते. शिवाय स्केबरची पाठ बारीक पुटकुळ्यांनी खडबडीत असते. आपल्या जातीची तशी नसते. लीव्हिस गुळगुळीत असतो म्हणून तो अधिक फसवतो, पण तो मोठा, चमकदार आणि भुकटीविना असतो, आणि पायरी त्यालाही नसते.

इशारा : बाजूने किंवा तिरक्या कोनातून काढलेल्या फोटोत पायरी नसतानाही दिसते आणि असतानाही लपते. कॅमेरा बरोबर डोक्यावर हवा. प्राणी वाकलेला असताना घेतलेला फोटो या टप्प्यासाठी ग्राह्य धरू नये.

पायरी दिसली म्हणजे काम झाले, असे मात्र नाही. फिलोसिइडी या कुलातल्या वुडलाऊसनाही अशीच पायरी असते, तेही पळण्यात तरबेज असतात आणि पालापाचोळ्यात राहतात. या दोघांना वेगळे करण्यासाठी पुढचा टप्पा आहे, आणि सर्वांत जास्त घाई त्याच टप्प्यावर होते.

टप्पा ५ : शृंगिकेचे शेवटचे मणी मोजणे

वुडलाऊसला शृंगिकांच्या दोन जोड्या असतात. पहिली जोडी इतकी छोटी असते की साध्या भिंगातून ती दिसतच नाही. जी सहज दिसते ती दुसरी जोडी. तिच्या बुडाशी पाच जाड कांडी असतात. त्यापुढे एक बारीक, निमुळता भाग असतो, त्याला या लेखात आपण 'टोक' म्हणू. मोजायचे आहेत ते फक्त टोकातले तुकडे.

प्राणी शांत करण्यासाठी झाकण लावलेली डबी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात पाच ते दहा मिनिटे ठेवावी. फ्रीझरमध्ये ठेवू नये. बाहेर काढल्यावर डबीच्या आत दव धरते आणि भुकटी भिजते, म्हणूनच तिसरा टप्पा आधी घेतला आहे. ज्यांनी तो राहू दिला त्यांना आता मागे जाता येणार नाही.

मंदावलेल्या प्राण्याची शृंगिका ब्रशने हळूच पसरून कागदावर सपाट करावी आणि भिंग टोकावर न्यावे. शेवटचे लांब कांडे जिथे संपते तिथे जाडी एकदम कमी होते. तेथून पुढे मोजणी सुरू करावी. आपल्या जातीत टोकाचे दोनच तुकडे भरतात. फिलोसिइडी कुलात आणि ओनिस्कसमध्ये तीन भरतात. या जातीच्या शृंगिका लांब असतात आणि कांड्यांच्या सांध्यांवर पांढुरके पट्टे असतात. पाय अंगापेक्षा फिके असतात. गडद अंगाखालून हे फिके पाय भराभर हलताना दिसले, की पुष्कळदा भिंग लावण्यापूर्वीच अंदाज येतो, पण अंदाज नोंदीत लिहू नये.

येथे होणाऱ्या चुका जवळजवळ ठरलेल्या आहेत. कोणी शेवटचे जाड कांडेही टोकात धरून दोनाचे तीन करते. कोणी टोकाच्या अगदी अग्रावरचा केसांचा झुपका वेगळा तुकडा समजून मोजते. आणि तुटलेली शृंगिका पुढच्या कातींबरोबर पुन्हा वाढते, ती आधी आखूड असते व तिचे सांधे स्पष्ट नसतात. तिच्यावर मोजणी केली तर उत्तर काहीही येऊ शकते.

तपासणी : दोन्ही शृंगिका मोजाव्यात. दोन्हीकडे संख्या सारखी आणि दोन्हींची लांबी सारखी असेल तरच ती मोजणी स्वीकारावी. नाहीतर ब्रशने दुसरा प्राणी उचलावा. पाच-सहा प्राणी घ्यायला सांगितले होते ते यासाठीच.

टप्पा ६ : पोटाकडचे पांढरे ठिपके

हा टप्पा जिवंत प्राण्यावरच होतो. वुडलाऊस उदराच्या खालच्या बाजूला असलेल्या पापुद्र्यासारख्या उदरपादांनी श्वास घेतो. काही कुलांत या उदरपादांत हवेने भरलेली बारीक नळ्यांची जाळी असते, आणि आतल्या हवेमुळे ती बाहेरून दुधाळ पांढरी दिसते. स्पिरिटमध्ये हवेची जागा द्रव घेतो आणि पांढरेपणा जातो. एका पावसाळ्यात वेगवेगळ्या गावांतून गोळा केलेले प्राणी मी सगळे एकदम स्पिरिटमध्ये ठेवले आणि ठिपके निवांत मोजू असे ठरवले. आठवड्याने नळ्या उघडल्या तेव्हा एकाही प्राण्यावर ठिपका नव्हता. ते प्राणी आजही माझ्याकडे कुलाच्या नावापुढे प्रश्नचिन्ह घेऊन आहेत.

पद्धत सोपी आहे. पारदर्शक डबीत एक प्राणी ठेवून त्यावर पिळलेला स्पंज अलगद टेकवावा, इतकाच की त्याला हलता येऊ नये. डबी डोक्याच्या वर धरून, तिच्या तळातून, उजेडाकडे न पाहता उजेड बाजूने येईल असे पाहावे. मागच्या टोकाकडे, पुच्छपादांच्या आधी, पांढऱ्या ठिपक्यांच्या जोड्या दिसतात. आपल्या जातीत त्या दोन असतात. काही कुलांत पाच जोड्या असतात, आणि ओनिस्कससारख्या प्रजातीत असे पांढरे ठिपके दिसत नाहीत.

इशारा : पोटाच्या पुढच्या भागात, पहिल्या काही जोड्यांच्या पायांमध्ये, पांढरे डाग दिसले तर ते ठिपके म्हणून मोजू नयेत. कात टाकण्यापूर्वी प्राणी जुन्या कवचातला चुना तेथे साठवतो आणि तो पांढरा दिसतो. श्वसनाचे ठिपके नेहमी उदरावर, म्हणजे शेवटच्या पायांच्या मागे असतात.

एक मिनिटापेक्षा जास्त वेळ स्पंज दाबून ठेवू नये. पाहून झाल्यावर प्राण्याला ओलसर पालापाचोळ्याच्या डबीत ठेवावे.

टप्पा ७ : गोळी होते का, आणि नर कोणता

ब्रशने प्राण्याला हलकेच ढोसावे. आपली जाती गोळी करत नाही. पळते, आणि उलटी पडली तर पाय झाडून सरळ होते. अंगाची पूर्ण गोळी करणारा वुडलाऊस सापडला, तर तो दुसऱ्या कुलातला आहे आणि त्याच्यासाठी पुच्छपादांचा आकार पाहावा लागतो. आर्माडिलिडिइडी कुलात पुच्छपादाचा बाहेरचा फाटा रुंद होऊन टोकाशेजारची जागा भरतो. आर्माडिलिडी कुलात तो फाटा अगदी इवला असतो आणि बुडाचा तुकडा ती जागा भरतो. उष्ण प्रदेशांत सर्वत्र पसरलेला क्युबारिस म्युरिना या दुसऱ्या कुलातला. दोन्ही नावे जवळजवळ सारखी असल्याने नोंदींत सर्रास अदलाबदल होते, म्हणून येथे मुद्दाम लिहिले.

नर ओळखण्यासाठी पुन्हा पोटाकडून, उदराच्या सुरुवातीला पाहावे. नरात तेथे मध्यरेषेवर मागे जाणारे लांब, टोकदार अवयव दिसतात. मादीत ते नसतात. अंडी धरलेल्या मादीच्या पायांमध्ये फुगीर पिशवी असते आणि तिच्या पापुद्र्यातून पिवळसर अंडी किंवा पांढरी पिल्ले दिसतात. अशा मादीला मारू नये, परत सोडावे. तिच्यापासून ओळखीला वेगळे काही मिळतही नाही.

टप्पा ८ : आता स्पिरिट

वरचे सर्व टप्पे झाल्यानंतरच दोन नर आणि एक मादी अल्कोहोलमध्ये ठेवावी. ७० ते ८० टक्के अल्कोहोल पुरेसे आहे; पुढे डीएनए तपासायचे असेल तर ९५ टक्क्यांहून अधिक लागते. फॉर्मॅलिन वापरू नये, कारण त्यात ठेवलेल्या प्राण्यापासून डीएनए मिळवणे अवघड होते.

चिठ्ठी पेन्सिलने लिहून नळीच्या आत, द्रवातच ठेवावी. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते आणि बाहेर चिकटवलेली चिठ्ठी पावसाळी हवेत सुटते. चिठ्ठीवर गाव, तालुका, जिल्हा, नेमकी जागा (उदाहरणार्थ 'गोठ्यामागील शेणखत, वरून अर्धा फूट'), तारीख, गोळा करणाऱ्याचे नाव आणि फोटोंचे क्रमांक असावेत. जातीचे नाव या चिठ्ठीवर लिहू नये. ते वेगळ्या चिठ्ठीवर, ओळख पटवणाऱ्याच्या नावासह लिहावे. नाव पुढे बदलू शकते, जागा आणि तारीख बदलत नाहीत.

टप्पा ९ : वर्गीकरणाची शिडी वरून खाली उतरणे

वर्गीकरण म्हणजे नावांची यादी पाठ करणे असे समजून लोक ती इंटरनेटवरून उतरवून घेतात. तसे न करता प्रत्येक पायरीसमोर आपण स्वतः पाहिलेली खूण लिहावी. खूण लिहिता आली नाही, तर त्या पायरीवर थांबावे.

१. संघ संधिपाद (आर्थ्रोपोडा) : सांधे असलेले पाय आणि टणक कवच.
२. उपसंघ कवचधारी (क्रस्टेशिया) : शृंगिकांच्या दोन जोड्या. कीटकांना एकच असते. म्हणून वुडलाऊसला 'कीटक' लिहू नये. त्याचे नाते कोळंबी आणि खेकड्याशी आहे.
३. वर्ग मॅलॅकोस्ट्राका : उदरालाही अवयवांच्या जोड्या असणे.
४. गण समपाद (आयसोपोडा) : पाठीवर सलग ढाल नसून सुट्या पट्ट्या, देठाविना डोळे आणि एकमेकांसारखे पाय.
५. उपगण ओनिसिडिया : जमिनीवरचे जीवन आणि पहिल्या शृंगिका जेमतेम उरलेल्या. या उपगणात साडेतीन हजारांहून अधिक जाती वर्णिलेल्या आहेत, यावरून 'एक करडा वुडलाऊस' एवढी नोंद किती अपुरी आहे ते कळावे.
६. कुल पॉर्सेलिओनिडी : शृंगिकेच्या टोकाचे दोन तुकडे, पांढऱ्या ठिपक्यांच्या दोन जोड्या, गोळी न होणे.
७. प्रजाती पॉर्सेलिओनायडीझ : वरील खुणांसह धड आणि उदर यांच्यामधली पायरी.
८. जाती पॉर्सेलिओनायडीझ प्रुइनोसस : निळसर भुकटी, सांध्यांवर पांढुरके पट्टे असलेल्या लांब शृंगिका, फिके पाय.

शब्दांची एक गल्लत येथेच दूर करावी. वर्तमानपत्रांत 'प्रजाती' हा शब्द स्पीशीजसाठी सर्रास येतो. प्राणिशास्त्राच्या मराठी लेखनात प्रजाती म्हणजे जीनस आणि जाती म्हणजे स्पीशीज. एकाच नोंदीत दोन्ही अर्थ आले, तर वाचणाऱ्याला शिडीच्या कोणत्या पायरीबद्दल लिहिले आहे हे कळत नाही.

पूर्ण नाव लिहिताना शेवटी 'पॉर्सेलिओनायडीझ प्रुइनोसस (ब्रांट, १८३३)' असे लिहावे. येथला कंस शोभेचा नाही. ब्रांट यांनी १८३३ मध्ये ही जाती पॉर्सेलिओ या प्रजातीत वर्णिली होती आणि नंतर ती दुसऱ्या प्रजातीत हलवली गेली, हे तो कंस सांगतो. पॉर्सेलिओ स्केबर लात्रेय, १८०४ या नावात कंस नाही, कारण ती जाती मूळच्याच प्रजातीत आहे. जुन्या लेखनात आपली जाती मेटोपोनॉर्थस प्रुइनोसस या नावाने सापडेल. ती वेगळी जाती समजून दोनदा मोजू नये.

टप्पा १० : खात्री किती, ते नोंदीत लिहिणे

आठव्या पायरीच्या खुणा बाहेरून दिसणाऱ्या आहेत. जातीची शास्त्रशुद्ध खात्री नराचा पहिला उदरपाद सुटा करून सूक्ष्मदर्शकाखाली त्याचा आकार पाहिल्यावर होते, आणि त्यासाठीच दोन नर ठेवायला सांगितले. शिवाय प्रुइनोसस या एका नावाखाली एकाहून अधिक, परस्परांत न मिसळणारे गट असावेत असे अभ्यासकांना आढळले आहे. म्हणून घरच्या भिंगाने केलेल्या ओळखीत प्रजातीचे नाव लिहून त्यापुढे 'सीएफ.' आणि मग जातीचे नाव लिहिणे हेच प्रामाणिक ठरते. त्याचा अर्थ 'या जातीशी जुळणारा, तुलना करून पाहावा' असा होतो.

मोबाइलवरची ओळख सुचवणारी ॲप वापरण्यास माझी हरकत नाही, मात्र ती सर्वांत शेवटी वापरावीत. आधी नाव कळले, की डोळे त्या नावाच्या खुणाच शोधू लागतात आणि तीन तुकडेसुद्धा दोन दिसतात. ॲपने सुचवलेले नाव आणि तुमची शिडी यांत फरक पडला, तर कोणत्या पायरीवर फरक पडतो ते पाहावे आणि फक्त तो टप्पा, शिल्लक जिवंत प्राण्यांपैकी एकावर, पुन्हा करावा. म्हणूनच नोंद पूर्ण होईपर्यंत दोन-तीन प्राणी ओलसर पालापाचोळ्याच्या डबीत जिवंत ठेवावेत, झाकणाला बारीक भोके असावीत, आणि काम संपल्यावर ते ज्या ढिगातून आणले त्याच ढिगात सोडावेत.